सरकारी इमारतींची कार्यक्षमता आणि आयुष्यभराचा खर्च : नाशिकमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यात तहसील कचेऱ्या, न्यायालये, पोलीस ठाणी, ग्रामीण रुग्णालये, आश्रमशाळा, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि महापालिकेची विभागीय कार्यालये मिळून सरकारी इमारतींचा पसारा मोठा आहे. नवी इमारत उभी राहते तेव्हा तिला किती कोटी लागले याची चर्चा गावभर होते. ती पुढची पन्नास वर्षे दरवर्षी किती खर्च मागणार आहे, हे मात्र भूमिपूजनाच्या वेळी क्वचितच विचारले जाते. कार्यालयप्रमुख, शाखा अभियंते, मुख्याध्यापक आणि जागरूक नागरिक यांना या विषयात जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून उदाहरणांत विजेचा दर सरसकट १० रुपये प्रति युनिट धरला आहे. प्रत्यक्ष दर आपापल्या बिलावरून घ्यावा.

प्रश्न : इमारतीचा जीवनचक्र खर्च म्हणजे नेमके काय?

इमारतीच्या आराखड्यापासून ती पाडेपर्यंत तिच्यावर होणाऱ्या सर्व खर्चाची बेरीज म्हणजे जीवनचक्र खर्च. त्यात बांधकाम तर येतेच, पण वीज, पाणी, सफाई, पहारा, रंगरंगोटी, गळती प्रतिबंधक उपचार, लिफ्टची देखभाल, जुनी वायरिंग बदलणे आणि शेवटी पाडकाम हेही येते. आरसीसी सांगाडा नीट जपला तर पन्नास-साठ वर्षे टिकतो. पण त्याच काळात रंग दहा-बारा वेळा, गच्चीवरचा उपचार पाच-सहा वेळा, एसी पाच वेळा आणि वायरिंग किमान दोनदा बदलावी लागते. म्हणजे आपण इमारत एकदाच बांधतो असे वाटत असले, तरी तिचे अनेक भाग पुन्हा पुन्हा विकत घेत असतो.

ही पद्धत नवी नाही. आयएसओ १५६८६ या मानकाचा पाचवा भाग याच हिशेबासाठी आहे, आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत मालमत्ता व सुविधा व्यवस्थापनासाठी बारावा भाग स्वतंत्रपणे दिलेला आहे. अडचण आहे ती हा हिशेब अंदाजपत्रकासोबत मांडण्याची सवय नसल्याची.

प्रश्न : वीस-तीस वर्षांनंतर वाचणारे पैसे आज कसे मोजायचे?

आज हातात असलेला रुपया आणि वीस वर्षांनी मिळणारा रुपया यांची किंमत सारखी नसते, म्हणून भविष्यातील प्रत्येक रक्कम ठरावीक दराने घटवून आजच्या मूल्यात आणतात. महागाई वगळून ६ टक्के दर धरला, तर वीस वर्षांनी होणाऱ्या एक लाख रुपयांच्या खर्चाचे आजचे मूल्य सुमारे ३१ हजार रुपये होते. हे गणित जसे दूरचा खर्च लहान करते, तसेच दरवर्षीच्या बचतीची ताकदही दाखवते : दरवर्षी एक लाख रुपये याप्रमाणे तीस वर्षे होणाऱ्या बचतीचे आजचे मूल्य ६ टक्क्यांनी सुमारे १३ लाख ७६ हजार रुपये आणि ८ टक्क्यांनी सुमारे ११ लाख २५ हजार रुपये होते.

याचा व्यवहारातला अर्थ फार मोलाचा आहे. खिडक्यांवर योग्य छज्जे, गच्चीवर उष्णतारोधक थर आणि जिन्यात पुरेसा उजेड एवढ्या तीन गोष्टींनी एखाद्या कार्यालयाचे वर्षाला लाखभर रुपये वाचणार असतील, तर त्यांच्यासाठी बांधकामात दहा लाख रुपये जास्त घालणे ही उधळपट्टी ठरत नाही. उलट ते दहा लाख वाचवणे ही तिजोरीला महाग पडणारी काटकसर ठरते.

प्रश्न : सरकारी कामात सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावी लागते. मग जीवनचक्र खर्चाचा विचार करायला वाव कुठे उरतो?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि तो विचारणाऱ्यांत अभियंतेच अधिक असतात. कमी दराची निविदा स्वीकारली जाते हे खरे. पण ती कोणत्या वस्तूसाठी आणि कोणत्या विनिर्देशासाठी (वस्तूच्या लेखी ठरवलेल्या गुणधर्मांसाठी), हे निविदा निघण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते. पंखा ७५ वॅटचा की ३० वॅटचा, पश्चिमेच्या भिंतीला काच की वीट, गच्चीवर नुसता कोबा की त्यावर पांढरी चायना मोझॅक (चिनी मातीच्या फरशीचे तुकडे), हे निर्णय प्राथमिक आराखड्यात आणि अंदाजपत्रकात होतात. तांत्रिक मान्यतेची सही झाली की पुढच्या पन्नास वर्षांच्या वीजबिलाचा मोठा भाग ठरून गेलेला असतो, आणि ठेकेदार कितीही प्रामाणिक असला तरी तो त्यात बदल करू शकत नाही.

खरी गाठ अर्थसंकल्पाच्या रचनेत आहे. बांधकाम भांडवली लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातील भांडवली खर्चाच्या खात्यातून होते. सार्वजनिक इमारतींसाठी ते ४०५९ असते. देखभाल-दुरुस्ती महसुली लेखाशीर्षातून, म्हणजे २०५९ मधून होते. वीजबिल मात्र ज्या विभागाचे कार्यालय आहे, तो आपल्या कार्यालयीन खर्चातून भरतो. इमारत बांधणाऱ्याला बिल दिसत नाही, बिल भरणाऱ्याला आराखड्यात बोलता येत नाही, आणि गळती काढणाऱ्याला त्या वर्षी जेवढे अनुदान येईल तेवढ्यात भागवावे लागते. तिघेही आपापल्या जागी नियमाने वागतात आणि तरीही एकूण खर्च वाढत जातो. म्हणून माझ्या मते कोणत्याही यंत्राआधी करायला हवी अशी सुधारणा एकच आहे : प्रशासकीय मान्यतेच्या प्रस्तावाला एक पान जोडावे आणि त्यात अपेक्षित वार्षिक वीजवापर, पाणीवापर, देखभालीचा खर्च आणि तीस वर्षांची एकत्रित बेरीज लिहावी. ती बेरीज वापरकर्त्या विभागाने वाचून सही करावी. यासाठी नवा कायदा लागत नाही.

प्रश्न : आमच्या कार्यालयाचा वीजवापर जास्त आहे की कमी, हे कसे ओळखायचे?

बारा महिन्यांच्या बिलांतील युनिटांची बेरीज करावी आणि तिला इमारतीच्या चौरस मीटरमधील बांधीव क्षेत्रफळाने भागावे. वर्षाला ९० हजार युनिट वापरणाऱ्या १,५०० चौरस मीटरच्या कार्यालयाचा आकडा ६० येतो. यालाच ऊर्जा कामगिरी निर्देशांक म्हणतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, म्हणजे बीईई, २००९ पासून कार्यालयीन इमारतींना याच निर्देशांकाच्या आधारे एक ते पाच तारे देते.

तुलना करताना सारख्याशी सारखे लावावे. चोवीस तास चालणारे रुग्णालय आणि आठवड्यातून पाच दिवस उघडे असणारे तहसील कार्यालय यांचे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. निफाड, दिंडोरी आणि सिन्नर येथील तीन तहसील कार्यालये मात्र जरूर शेजारी ठेवावीत. काम तेच, वेळ तीच, हवाही थोड्याफार फरकाने तीच. आकडे तरीही दुपटीने वेगळे आले, तर कारण इमारतीत किंवा वापराच्या सवयीत शोधता येते. आपल्याच कार्यालयाची मागील तीन वर्षे एकमेकांशी ताडून पाहणे हा तर सर्वांत सोपा मार्ग आहे.

प्रश्न : एक रुपयाही खर्च न करता वीजबिल कमी होऊ शकते का?

अनेक ठिकाणी होऊ शकते, आणि सुरुवात तिथूनच करावी. मोठ्या जोडणीच्या बिलात युनिटांच्या आकाराबरोबर मागणी आकारही असतो. कार्यालयाने कधीकाळी महावितरणकडे जी करार मागणी (एका वेळी जास्तीत जास्त लागणारा वीजभार) नोंदवली, तिच्यापेक्षा प्रत्यक्ष कमाल मागणी बरीच कमी असली, तरी करार मागणीच्या ठरावीक टक्क्यांवर आकार भरावाच लागतो. उलट ती ओलांडली तर जादा दराने आकारणी होते. विभाग दुसरीकडे हलला, जुने मोठे एसी संयंत्र बंद पडले, दिवे एलईडी झाले, तरी करार मागणी वीस वर्षांपूर्वीचीच राहिली, असे सहज घडते. बाराही बिलांतील नोंदलेली कमाल मागणी एका कागदावर उतरवून, पुढील गरजेसाठी थोडी जागा ठेवून करार मागणी कमी करण्याचा अर्ज देणे, एवढेच काम असते.

दुसरी बाब पॉवर फॅक्टरची, म्हणजे पुरवलेल्या विजेपैकी किती प्रत्यक्ष कामी येते या प्रमाणाची. उच्चदाब ग्राहकांना राज्यात एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे केवळ कामी आलेल्या नव्हे तर पुरवलेल्या एकूण विजेवर आकारणी होते, त्यामुळे पॉवर फॅक्टर घसरला की न वापरलेल्या विजेचेही पैसे जातात. पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर पॅनेल बसवलेले असते, पण त्यातील निकामी कपॅसिटर वर्षानुवर्षे कोणी तपासत नाही. तिसरी बाब साधी आहे : मुदतीत भरणा. अनुदान उशिरा आल्याने लागणारा विलंब आकार हा कोणत्याही सेवेचा मोबदला नसतो, तरी तो जनतेच्या पैशातूनच जातो.

प्रश्न : दिवे, पंखे आणि एसी यांपैकी आधी काय बदलावे?

जुन्या ३६ वॅटच्या नळीला तांब्याचा चोक धरून सुमारे ५० वॅट लागतात, तर तेवढाच उपयुक्त उजेड १८ ते २० वॅटची एलईडी नळी देते. वर्षाला दोन हजार तास वापर धरला तर एका नळीमागे साधारण ६० युनिट, म्हणजे ६०० रुपये वाचतात आणि नळीची किंमत वर्षाच्या आतच वसूल होते. यात विचार करण्यासारखे काही उरलेले नाही. जिथे जुन्या नळ्या असतील तिथे त्या बदलाव्यात.

पंख्यांचा हिशेब नाशिकच्या हवामानाप्रमाणे करायला हवा. नेहमीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो आणि बीएलडीसी (ब्रशविरहित, कमी वीज घेणाऱ्या) मोटारीचा पंखा सुमारे ३० वॅट. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यातील बहुतेक कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पंखा लावायची वेळ क्वचितच येते. म्हणून वर्षाचे दोनशे दिवस, रोज आठ तास, असे १,६०० तास धरू. एका पंख्यामागे ७२ युनिट, म्हणजे ७२० रुपये वाचतात. किमतीतील फरक बाराशे-तेराशे रुपये असेल तर तो दोन वर्षांच्या आत भरून निघतो आणि पंखा त्यापुढेही बरीच वर्षे चालतो. तरीही चांगले चालणारे जुने पंखे एका दिवसात भंगारात काढण्यापेक्षा नव्या खरेदीत आणि बदलीच्या वेळी बीएलडीसीचाच आग्रह धरणे शहाणपणाचे ठरते. रुग्णालयाचे वॉर्ड आणि वसतिगृहे यांचा वापर दुपटीहून अधिक असल्याने तिथे मात्र वाट पाहू नये. छतपंख्यांवर बीईईचे तारांकन २०२३ पासून अनिवार्य आहे, त्यामुळे खरेदीच्या विनिर्देशात तारे लिहिणे सोपे झाले आहे.

एसीबाबत सरसकट सल्ला देणे चुकीचे होईल. दीड टनाच्या तीन तारांकित आणि पाच तारांकित एसीच्या वापरात १,६०० तासांना साधारण सव्वादोनशे युनिटांचा फरक पडतो, असे धरू. नाशिकच्या कार्यालयात एसी मार्च ते जूनचे काही आठवडे आणि ऑक्टोबरचे थोडे दिवस मिळून आठशे तास चालत असेल, तर वर्षाची बचत ११०० रुपयांच्या आसपास राहते. किमतीतील फरक नऊ हजार असेल तर तो वसूल व्हायला आठ वर्षे लागतात, आणि तेवढ्यात यंत्र जुने होते. तोच एसी सर्व्हर खोलीत वर्षाला आठ हजार तास चालणार असेल तर फरक एका वर्षाच्या आत निघतो. तारे पाहण्याआधी तास मोजावेत. तापमानाचा आकडाही तितकाच महत्त्वाचा आहे : तारांकित खोली एसींना २०२० पासून २४ अंश हीच मूळ मांडणी ठेवावी लागते, आणि बीईईच्या सांगण्यानुसार एक अंश वर नेल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. अठरा अंशांवर एसी लावून खिडकी किलकिली ठेवलेली दालने आजही दिसतात.

प्रश्न : नाशिकची हवा बरी असताना नव्या इमारतींत एवढे एसी का लागतात?

कारण अलीकडच्या अनेक इमारती नाशिकसाठी आखलेल्या नसतात. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर असलेल्या या शहरात एप्रिलच्या दुपारी पारा ३८-४० अंशांपर्यंत चढत असला, तरी पहाटे तो वीस-बावीसच्या आसपास उतरतो. दिवस आणि रात्र यांतील एवढा फरक ही आपल्याला फुकट मिळालेली थंडाई आहे. जाड भिंती रात्री गार होतात आणि दुपारी तो गारवा हळूहळू सोडतात. काळ्या पाषाणातील ब्रिटिशकालीन कचेऱ्यांत, उंच छत, समोरासमोरच्या खिडक्या, वरची झरोकेवजा तावदाने आणि पुढची पडवी यांच्या जोरावर याच तत्त्वाने काम चालत असे.

आता त्याच कचेऱ्यांत काय झाले आहे ते पाहावे. उंच छताखाली खोटे छत आले, त्यामुळे गरम हवा वर जाण्याची जागा गेली. वरची तावदाने बंद झाली, खिडक्यांपुढे फायलींची कपाटे लागली, पडवी ग्रिल आणि पार्टिशन लावून दालनात घेतली गेली. मग दालन तापले आणि एसी आला. नव्या इमारतींत दर्शनी बाजूला काच आणि अॅल्युमिनियमचे पत्रे लावण्याची हौस आहे. ही बाजू पश्चिमेला आली की दुपारी तीन ते सहा या वेळेत आतले पंखे केवळ गरम हवा फिरवतात. इमारत सुंदर दिसायला हवी हे मला मान्य आहे, परंतु ज्या बाजूने ऊन येते त्या बाजूला काच लावणे हे सौंदर्य नागरिकांच्या खिशातून भरले जाते.

करण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. लांबीची बाजू शक्यतो उत्तर-दक्षिण तोंडाची ठेवावी, कारण उत्तरेचा उजेड सौम्य असतो आणि दक्षिणेचे ऊन साध्या आडव्या छज्ज्याने अडते. पश्चिमेचे ऊन तिरके येत असल्याने तिथे छज्जा अपुरा पडतो; त्या बाजूला जिना, स्वच्छतागृह, अभिलेख कक्ष असे कमी वर्दळीचे भाग टाकावेत आणि खिडक्या लहान ठेवून उभे पाखे द्यावेत. गच्ची पांढऱ्या परावर्तक रंगाने किंवा पांढऱ्या चायना मोझॅकने झाकली, तर वरच्या मजल्याची खोली दोन-तीन अंशांनी गार राहते, आणि हा उपाय जिल्हा परिषदेच्या दोन खोल्यांच्या शाळेलाही परवडतो. रात्री सुरक्षित जाळ्यांमागून वरची तावदाने उघडी ठेवण्याची व्यवस्था पहारेकऱ्याच्या कामात लिहून द्यावी. काच लावायचीच असेल तर तिचा उष्णतेचा गुणांक विनिर्देशात लिहावा. नुसते ‘टफन्ड ग्लास’ असे लिहिल्याने मजबुती मिळते, गारवा मिळत नाही.

प्रश्न : दर पावसाळ्यात गळणाऱ्या इमारतींचे काय?

या जिल्ह्यासाठी एकच विनिर्देश चालत नाही, हे आधी मान्य करायला हवे. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, येवला-नांदगावकडे त्याहून कमी, आणि इगतपुरीत तीन हजारांच्या घरात. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या पट्ट्यातील आश्रमशाळा व आरोग्य केंद्रे यांना सपाट स्लॅब देऊन त्यावर शहरातलाच ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा टाकला, तर गळती ठरलेलीच असते. तिथे उताराचे छप्पर, रुंद पागोळ्या आणि भिंतीपासून पाणी दूर नेणारी गटारे यांना सुरुवातीला जास्त पैसे लागतात, पण दर दोन-तीन वर्षांनी करावा लागणारा गळती प्रतिबंधक उपचार वाचतो.

गळतीचा खरा खर्च डागाळलेल्या रंगात नसतो. स्लॅबमध्ये मुरलेले पाणी आणि हवा सळईपर्यंत पोहोचली की सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात; मग जे काम काही हजारांत झाले असते त्याला लाखो रुपये लागतात. मे महिन्यात गच्चीवरचा पालापाचोळा काढून पन्हळींची तोंडे मोकळी करणे हे सर्वांत स्वस्त काम आहे. ते कोणाच्याच कामाच्या यादीत नसल्यामुळे राहून जाते.

प्रश्न : गच्चीवर सौर पॅनेल बसवले की प्रश्न सुटतो का?

काही अंशी सुटतो. एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते आणि सरासरीने दिवसाला चार युनिट मिळतात. कार्यालयाचे काम दिवसाच चालत असल्याने ही वीज जागेवरच वापरली जाते, आणि सुट्टीच्या दिवशीची शिल्लक नेट मीटरिंगने (जाळ्यात दिलेली वीज बिलातून वजा करण्याच्या सोयीने) जमा होते. केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतही सरकारी इमारतींच्या छतांचा विचार आहे.

मात्र क्रम महत्त्वाचा आहे. आधी वापर कमी करावा, म्हणजे लहान संच पुरतो. त्याआधी गच्चीची गळती काढावी, कारण पॅनेल पंचवीस वर्षांसाठी बसतात आणि त्यांच्याखालचा कोबा पाच वर्षांनी उकरायचा झाला तर सगळा सांगाडा उतरवावा लागतो. इन्व्हर्टर आठ-दहा वर्षांनी बदलावा लागेल, ती रक्कम आजच्या हिशेबात धरावी. फेब्रुवारी ते मे या धुळीच्या महिन्यांत पॅनेल कोण धुणार आणि पाणी गच्चीवर कोठून येणार, हे कार्यादेशात लिहिलेले असावे.

प्रश्न : ईसीबीसी आणि ग्रिहा यांत फरक काय?

ईसीबीसी, म्हणजे ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, ही २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली आली. तिची पहिली आवृत्ती २००७ ची आणि सुधारित आवृत्ती २०१७ ची आहे. तिचा रोख १०० किलोवॅट किंवा अधिक जोडभार (सर्व उपकरणांचा मिळून वीजभार), अथवा १२० केव्हीए किंवा अधिक करार मागणी असलेल्या व्यावसायिक इमारतींवर आहे. भिंत, छत, काच, दिवे, वातानुकूलन यांच्या किमान पातळ्या ती ठरवते, आणि तिच्या तीन श्रेणींतून नेहमीच्या इमारतीच्या तुलनेत अनुक्रमे सुमारे २५, ३५ आणि ५० टक्के ऊर्जाबचत अपेक्षित आहे. २०२२ च्या दुरुस्तीने तिची व्याप्ती वाढवून शाश्वततेचाही समावेश केला. ग्रिहा ही २००७ पासूनची भारतीय मानांकन पद्धत असून तिच्यात ऊर्जेबरोबर पाणी, कचरा, बांधकाम साहित्य आणि जागेचा वापर यांनाही गुण असतात.

सरकारी इमारत या बाबतीत किती पुढे जाऊ शकते, याचे उदाहरण दिल्लीत आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने बांधलेले आणि २०१४ मध्ये खुले झालेले इंदिरा पर्यावरण भवन ९३० किलोवॅटच्या सौर संचावर आपली वर्षभराची गरज भागवण्याच्या दृष्टीने आखलेले आहे. तालुक्याच्या कचेरीने तेवढी झेप घेण्याची गरज नाही. परंतु जोडभार १०० किलोवॅटच्या आत आहे म्हणून संहितेचा विचारच करायचा नाही, ही सबब मला पटत नाही. संहितेतील छताची आणि खिडक्यांची कलमे लहान इमारतीलाही तितकीच लाभतात.

प्रश्न : सुधारणेसाठी विभागाकडे पैसेच नसतील तर?

ऊर्जा सेवा कंपनीच्या पद्धतीत कंपनी आधी गुंतवणूक करते आणि होणाऱ्या बचतीतून ठरावीक वर्षे आपला मोबदला घेते. केंद्र सरकारच्या सार्वजनिक उपक्रमांनी मिळून २००९ मध्ये स्थापन केलेल्या ईईएसएल या कंपनीने २०१७ मध्ये इमारतींसाठी असा कार्यक्रम हाती घेतला, आणि राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागानेही तिच्याशी करार केला. सौर संचासाठी रेस्को पद्धतीत असेच होते : संच कंपनीचा, छत आपले आणि विजेचा दर करारातला. राज्यात या विषयाची नियुक्त संस्था महाऊर्जा आहे; ऊर्जा लेखापरीक्षणासाठी तिच्याकडे विचारणा करावी.

अशा करारात सर्वांत जपण्याची गोष्ट म्हणजे आधीचा वापर. काम सुरू होण्यापूर्वीच्या बारा महिन्यांचे युनिट, कार्यालयाचे तास, माणसे आणि उपकरणे यांची नोंद दोन्ही पक्षांच्या सहीने झाली नाही, तर पुढे बचत किती झाली यावर वाद होतो. निम्मे एसी आधीच बंद असलेल्या इमारतीत दाखवलेली बचत कागदावरच राहते.

प्रश्न : देखभाल कराराकडे कसे पाहावे?

दोष दायित्व कालावधी (ज्या काळात दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात) संपण्याच्या तीन महिने आधी वापरकर्ता विभाग आणि बांधकाम विभाग यांनी एकत्र पाहणी करावी, पावसाळा त्या कालावधीत येईल असे पाहावे आणि दोषांची यादी लेखी द्यावी. ती संधी हुकली की ठेकेदाराने करायची दुरुस्ती सरकारच्या पैशाने होते. लिफ्ट, जनित्र, अग्निशमन पंप आणि एसी यांचा दहा वर्षांचा देखभाल दर खरेदीच्या निविदेतच मागवावा आणि सर्वांत कमी दर ठरवताना दोन्हींची बेरीज करावी; यंत्र स्वस्त आणि सुटे भाग महाग, हा अनुभव त्यामुळे टळतो. आणि प्रत्येक इमारतीला एक नोंदवही असावी, ज्यात कोणता पाइप कोठून जातो, गच्चीचा उपचार कधी झाला, कोणत्या स्तंभाला कधी तडा दिसला, हे लिहिलेले असेल. बदली होऊन आलेल्या उपअभियंत्याला आज ही माहिती शिपायाला विचारून घ्यावी लागते.

प्रश्न : पाण्याचे काय?

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार कार्यालयात दर माणशी दर दिवशी ४५ लिटर पाणी धरतात, म्हणजे दोनशे माणसांच्या कार्यालयाला नऊ हजार लिटर. मीटरचा आकडा याहून फार पुढे असेल तर गळती शोधावी. सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ दिवसाला वीस लिटरच्या पुढे पाणी घालवतो आणि आवाज न करता वाहणारी फ्लशची टाकी त्याच्या अनेक पट. वरची टाकी भरून वाहणे हे पाणी आणि पंपाची वीज या दोन्हींचे नुकसान आहे; पाणी पातळी पाहून पंप बंद करणारे साधे उपकरण ते थांबवते.

प्रश्न : जुनी इमारत पाडून नवी बांधावी की दुरुस्त करावी?

आधी संरचनात्मक तपासणी, मग मत. महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतींची अशी तपासणी आवश्यक असते, आणि नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येत असल्याने तिच्याकडे औपचारिकता म्हणून पाहू नये. सांगाडा कमकुवत असेल तर चर्चा संपते. तो भक्कम असेल तर मात्र दुरुस्तीचा पर्याय गांभीर्याने मांडावा, कारण उभ्या भिंतींत घातलेले दगड, सिमेंट आणि श्रम यांची किंमत पाडकामात शून्य होते. पाषाणी भिंतींची कचेरी नव्या वायरिंगसह, मोकळ्या केलेल्या तावदानांसह आणि गळतीमुक्त छतासह अजून कित्येक दशके काम देऊ शकते. गोदाकाठचा पेशवेकालीन सरकारवाडा आजही उभा आहे, तो दगड-लाकडाच्या बांधकामाला वेळोवेळी हात लावला गेल्यामुळे.

प्रश्न : २०२७ च्या सिंहस्थासाठी होणाऱ्या बांधकामांनाही हे लागू आहे का?

विशेषतः लागू आहे. कुंभमेळ्याची कामे मुदतीच्या दबावाखाली होतात आणि पर्वण्या संपल्या की स्वच्छतागृहे, निवारे, पोलीस चौक्या आणि रुग्णालयांतील वाढीव कक्ष महापालिकेच्या व विभागांच्या गळ्यात कायमचे पडतात. म्हणून प्रत्येक कामाबाबत एकच निर्णय आधी व्हावा : ते तात्पुरते आहे की कायमचे? तात्पुरते असेल तर उतरवून दुसरीकडे नेता येईल असेच बांधावे. कायमचे असेल तर मेळ्यानंतरच्या सफाईचा, पाण्याचा आणि विजेचा वार्षिक खर्च कोणाच्या अर्थसंकल्पात जाणार हे कार्यादेशापूर्वी लिहावे. पूररेषेच्या आत येणाऱ्या कामांत विजेचे पॅनेल आणि पंप उंचावर घ्यावेत, कारण गोदावरीला येणारा पूर ही नाशिकला नवी गोष्ट नाही.

प्रश्न : नागरिक म्हणून मला माझ्या तालुक्यातील इमारतीची ही माहिती मिळू शकते का?

मिळू शकते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून संबंधित कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते. अर्ज ‘इमारतीची सर्व माहिती द्यावी’ असा मोघम न लिहिता पुढील कागदांच्या प्रती मागाव्यात : मागील चोवीस महिन्यांची वीजबिले, करार मागणी व नोंदलेली कमाल मागणी, बांधीव क्षेत्रफळ, मागील पाच वर्षांत २०५९ लेखाशीर्षाखाली त्या इमारतीवर झालेला खर्च कामनिहाय, दोष दायित्व कालावधीची अखेरची तारीख आणि त्यापूर्वीच्या संयुक्त पाहणीचा अहवाल. बिल आणि क्षेत्रफळ हाती आले की वर सांगितलेला भागाकार कोणालाही करता येतो. उत्तर संबंधित कार्यालयप्रमुखांकडे आणि उपविभागाच्या उपअभियंत्याकडे सोबतच पाठवावे, कारण ही दोन माणसे एकाच इमारतीचे कागद एका टेबलावर घेऊन बसली की निम्मी कामे पुढच्या अंदाजपत्रकात येतात.